बगळ्याची मान

बगळ्याची मान काही जमत नव्हती. पाय सळईचे, पंजे सायकलच्या चेनचे, पंख बिजागऱ्यांचे, पोटाला जुन्या स्कूटरचं मडगार्ड, चोच म्हणजे कात्रीचं एक पातं. सगळं पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फिरून जमवलेलं. मानेला हवा तसा बाक देणारं मात्र काही मिळेना.

मग कॉटखालची बाबांची पेटी आठवली. भोसरीतलं वर्कशॉप बंद झालं तेव्हा ते ती घरी घेऊन आले होते. त्यानंतरच्या सहा वर्षांत मी ती उघडलेली पाहिली नव्हती. बाबा गावाला गेले होते. मी तीन पान्हे काढले, टाक्यांच्या जागचा क्रोमचा मुलामा ग्राइंडरनं घासला (नाहीतर वेल्डिंगचा वाईट धूर छातीत जातो) आणि एकाला एक जोडले. मान अशी काही वळली, की रात्री दोनदा उठून पाहून आलो.

1942 मध्ये पिकासोनं सायकलची सीट आणि हँडल, एवढ्या दोनच वस्तू जोडून बैलाचं डोकं केलं. मित्रांना हे मी सारखं ऐकवायचो. भंगाराकडं बघायची नजर लागते, वगैरे. एक गोष्ट मात्र गाळायचो. पिकासोला असंही वाटायचं, की कुणाला तरी त्या डोक्यात आपल्या सायकलचं हँडल दिसावं आणि त्यानं ते काढून न्यावं. मला तो विनोद वाटायचा.

बाबा आले. बगळ्याभोवती एक चक्कर मारली. बोट थेट मानेवर.

"बारा-तेराचा ना हा?"

"हो."

"अरे, चालू आहे तो."

रागावले असते तर भांडलो असतो. 'तुम्ही वापरता कधी?' हे वाक्य तयारच होतं. पण ते पान्ह्याच्या तोंडात अंगठा घालून बघत होते, कितपत झिजलंय ते. त्या पेटीला भंगार मीच ठरवलं होतं.

"बाकीचे दोन?" मी विचारलं.

"त्यांची तोंडं गेलीत. राहू देत ते."

संध्याकाळी टाके कापले. बाबांनी कानस मारून पान्हा साफ केला, तेलाचं बोट फिरवलं आणि शेजारच्या पोराच्या बाइकची चेन ताणायला घेऊन गेले.

बगळ्याची मान आता दोनच पान्ह्यांची आहे. चोच पोटाला टेकते. आई म्हणते, झोपलाय.