‘डीएनए आला का?’

फेब्रुवारी 2020 मध्ये मला वर्ध्यात रोज एकच प्रश्न ऐकावा लागे. दूधवाला विचारी, बँकेतला कारकून विचारी, पहाटे फिरायला येणाऱ्या बायका विचारत, “काय जी मॅडम, डीएनए आला का?” सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन मी नुकतीच इथे राहायला आले होते, आणि माझ्या नोकरीबद्दल लोकांना एवढं एकच ठाऊक होतं. 3 फेब्रुवारीच्या सकाळी हिंगणघाटच्या नंदोरी चौकात कॉलेजला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेवर पेट्रोल टाकून तिला पेटवून दिलं होतं. सारा जिल्हा पेटला होता.

मी म्हणायची, “इथे डीएनए कशाला लागतो?” लोकांना वाटायचं, मॅडम टाळतायत.

टाळत नव्हते. डीएनए एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: हे कोणाचं? कधी सांडलं, कसं सांडलं, कोणत्या हेतूनं, हे त्याला विचारू नये. हिंगणघाटला ‘कोण’ हा प्रश्नच नव्हता. भर दिवसा, भर रस्त्यात, माणसांच्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट. मुलगी 10 फेब्रुवारीला नागपूरच्या रुग्णालयात मरण पावली. 426 पानांचं दोषारोपपत्र दाखल झालं, 29 साक्षीदार तपासले गेले, उज्ज्वल निकम सरकार पक्षातर्फे उभे राहिले. 9 फेब्रुवारी 2022 रोजी हिंगणघाटच्या न्यायालयाने आरोपीला दोषी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी, तिच्या दुसऱ्या स्मृतिदिनी, जन्मठेप सुनावली. ज्यांनी पाहिलं ते न्यायालयात येऊन बोलले, हा या खटल्याचा कणा. आम्ही प्रयोगशाळेतले लोक अशा वेळी मागच्या बाकावर असतो आणि ते योग्यच आहे.

मागच्या बाकावरही काम मात्र असतं. जळिताच्या गुन्ह्यात ते पेट्रोलचं असतं. पेट्रोल म्हणजे शेकडो हायड्रोकार्बनांचं मिश्रण. गॅस क्रोमॅटोग्राफच्या नळीतून ती एकेक करून बाहेर पडतात आणि कागदावर डोंगररांगेसारखा आलेख उमटतो. हलकी द्रव्यं आधी उडून जातात, म्हणून जळक्या कपड्यावरच्या पेट्रोलचा आलेख डावीकडे बोडका दिसतो. सरावलेला डोळा तरी ओळखतो. पण कपडा साध्या प्लास्टिकच्या पिशवीत आला, तर वाफ प्लास्टिकमधून पार होते आणि आमच्यापर्यंत नुसता जळका वास पोहोचतो, कधी तोही नाही. त्याला हवा घट्ट झाकणाचा कोरा पत्र्याचा डबा किंवा काचेची बरणी, तीही गळ्यापर्यंत न कोंबता, वर वाफेला जागा सोडून.

रक्ताच्या कपड्याचं नेमकं उलट. तो हवाबंद केला की दमटपणात बुरशी धरतो आणि जंतू डीएनए खाऊन टाकतात. तो सावलीत वाळवायचा आणि कागदी पाकिटात ठेवायचा. एका गुन्ह्यातले दोन कपडे, एकाला हवा लागता कामा नये आणि दुसऱ्याला हवाच हवी. पंचनामा चालू असताना भोवती गर्दी, पुढाऱ्यांचे फोन, कॅमेरे. त्यात एक हवालदार कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून पिशव्या मागवतो. खटल्याचं नशीब कित्येकदा त्या पिशवीत ठरतं.

कापसाच्या जिल्ह्यात राहते, म्हणून कापसाचं सांगते. घटनास्थळावरचा डाग उचलायला आम्ही वापरतो ती स्वॅब म्हणजे काडीच्या टोकाला गुंडाळलेला कापूस. त्यावर आलेल्या पेशींतला डीएनए इतका थोडा असतो की तो आधी वाढवावा लागतो. पीसीआर यंत्रात प्रत्येक फेरीला तो दुप्पट होतो. 28 फेऱ्या झाल्या की एका प्रतीच्या, निदान हिशोबापुरत्या, 26 कोटी 84 लाखांहून जास्त प्रती. मग ठरावीक वीसेक जागांवरच्या पुनरावृत्ती मोजायच्या आणि दोन माणसांचे आकडे ताडून पाहायचे. यंत्राला मात्र आपला-परका कळत नाही. कापसावर आरोपीची पेशी असली तर ती वाढेल, कापूस गुंडाळणाऱ्या बाईची असली तर तीही वाढेल.

हे गमतीनं म्हणत नाही. जर्मनीत हाइलब्रॉन शहरात 2007 मध्ये एका महिला पोलिसाचा खून झाला. तिथे सापडलेला एका अनोळखी बाईचा डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या 40 च्या आसपास ठिकाणी आधीमागे मिळाला होता. खून, घरफोड्या, सगळीकडे ही बाई. तिच्यावर तीन लाख युरोंचं इनाम लागलं. 2009 मध्ये उलगडा झाला. ती बाई स्वॅबच्या कारखान्यात काम करत होती. कापूस निर्जंतुक होता, पण निर्जंतुक म्हणजे डीएनएरहित नव्हे.

ती बातमी वाचून मी हसले नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याही टेबलावर अशी एक बाई उगवली होती. पुरुषाच्या शर्टावरचा डाग, त्यात दोनच पुरुषांचा संबंध असल्याचं कागदपत्रं सांगत होती, आणि आलेखात मधेच बारीक बारीक उंचवटे, बाईचे. तपासी अंमलदार खूश झाला, गुन्ह्याला नवा धागा मिळाला म्हणून. आमच्या वरिष्ठांनी शांतपणे कर्मचाऱ्यांच्या प्रोफाइलची फाइल काढली. ती बाई मी होते. उघड्या नळीवर वाकून मी शेजारच्या टेबलाशी बोलले होते, मास्क हनुवटीवर. नमुना पुन्हा काढला, दुसरा निष्कर्ष स्वच्छ आला. त्यानंतर टेबलाशी मी बोललेच नाही, घरी आल्यावर त्याची भरपाई झाली असं नवरा म्हणतो.

आणखी एक गोष्ट खेड्यापाड्यांच्या प्रकरणांत फार घोळ घालते. मिश्र नमुन्यात बाईच्या पेशी जास्त आणि पुरुषाच्या थोड्या असल्या, तर आम्ही फक्त पुरुषात असणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी, म्हणजे वाय-एसटीआर, करतो. ते बापाकडून मुलाकडे जसंच्या तसं जातं. म्हणजे बाप, भाऊ, चुलता, चुलतभाऊ, त्याचा नातू, साऱ्यांचं बहुधा एकच. अहवालात ‘वाय-एसटीआर जुळतो’ असं आलं की वर्तमानपत्रात मथळा येतो, ‘डीएनएने गुन्हेगार पकडला’. त्याने माणूस पकडलेला नसतो, भावकी पकडलेली असते. ज्या गावात निम्मी घरं एकाच आडनावाची, तिथे हा फरक फाशी आणि सुटकेमधला असू शकतो. आमच्या अहवालातल्या त्या एका ओळीचा अर्थ आम्ही साध्या मराठीत लिहीत नाही, हा आमचाच दोष आहे.

प्रयोगशाळेच्या आतलं हे झालं. खरा घात बाहेर होतो, पोलीस ठाणे ते प्रयोगशाळा या वाटेत. वर्ध्याहून मुद्देमाल नागपूरला जातो, जेमतेम 75-80 किलोमीटर. अंतर काहीच नाही, पण निघायला दिवस लागतात. फॉरवर्डिंग लेटरवर सही व्हायची असते, मुद्देमाल कारकून रजेवर असतो, नेणारा शिपाई बंदोबस्ताला गेलेला असतो. तोवर पाकीट मुद्देमाल खोलीत पत्र्याखाली. विदर्भातला मे महिना ज्याने काढलाय त्याला पुढचं सांगायला नको. 45-46 अंशांत माणूस टिकत नाही, ओला डाग काय टिकणार? एका ठाण्यातून, नाव सांगत नाही, रक्ताची बाटली आमच्याकडे थर्माकोलच्या डब्यात यायची, आणि बर्फ म्हणून आत लाल रंगाचं पाणी. पहिल्यांदा मला वाटलं बाटली फुटली. शिपायाने शांतपणे सांगितलं, बसस्टँडवर बर्फ मिळाला नाही, म्हणून आइसकांड्या घेतल्या.

त्या शिपायाला कोणी हसू नये, त्याने निदान कांड्या तरी घेतल्या.

ठाणे जिल्ह्यातल्या 2010 च्या एका प्रकरणात, सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार आणि खून, खालच्या न्यायालयाने फाशी दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सोडलं. डीएनए अहवाल होता. पण नमुने पाठवायला झालेल्या उशिराचं कारण कोणी सांगू शकलं नाही, मधल्या काळात ते दूषित झाले नसतील याची खात्री देता येईना. निकाल वाचून मी त्या मुलीच्या घरच्यांचा विचार करत बसले. मग त्या माणसाचा. वाटेत काय झालं हे कोणी लिहून न ठेवल्यामुळे या दोघांपैकी कोणावर अन्याय झाला हे आता कधीच कळणार नाही. जुलै 2025 मध्ये तमिळनाडूतल्या एका खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी सांगितलं, डीएनएचा नमुना 48 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे, उशीर झाला तर कारण नोंदवलं पाहिजे आणि हाताहाताची नोंद ठेवणारी वही असली पाहिजे.

मोबाइल आणि सीसीटीव्हीच्या पुराव्याचं गणित वेगळं वाटतं, पण आतून तेच आहे. मुद्देमालाला आपण लाखेचं सील लावतो आणि नमुना सील पत्रासोबत पाठवतो. प्रयोगशाळेत दोन्ही ताडून पाहतात. डिजिटल फाइलला लाख लावता येत नाही, तर तिची हॅश व्हॅल्यू काढतात, 64 अक्षरांची एक ओळ. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी ओळ पूर्ण बदलते. जप्तीच्या वेळी ती पंचनाम्यात उतरली असेल तर पाच वर्षांनंतरही कोणी म्हणू शकत नाही की चित्रफीत बदलली. उतरली नसेल तर कोणीही म्हणू शकतं. आणि आपल्याकडे जप्त फोन हाती आला की आधी काय होतं? साहेब गॅलरी उघडून बघतात.

घड्याळाचंही तसंच. दुकानातल्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचं घड्याळ बरोबर असलेलं मी क्वचितच पाहिलं. ते अकरा मिनिटं मागे असेल तर आरोपी गुन्ह्याआधी पळताना दिसतो. उपाय फुकटचा आहे, जप्त करताना पडद्यावरची वेळ आणि खरी वेळ दोन्ही लिहायच्या. टॉवर लोकेशनचाही असाच गैरसमज. शहरात टॉवर जवळजवळ असतात; आर्वी-कारंजाकडे एका टॉवरखाली चार-पाच गावं आणि मधली सगळी शेतं येतात. ‘तो तिथे होता’ असं सीडीआर, म्हणजे फोन कॉलच्या नोंदींचा कागद, सांगत नाही, ‘त्याचा फोन त्या टॉवरखाली होता’ एवढंच सांगतो. फोन खिशात होता की भावाकडे, तेही नाही.

या डिजिटल पुराव्याला प्रमाणपत्र लागतं, याचा देशभरचा कायदा आपल्या जालन्याने पक्का केला, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत अर्ज मुदतीत भरले की मुदत उलटल्यावर, असा वाद होता. पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्याचा. अधिकारी प्रमाणपत्र देईनात. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी सांगितलं की मूळ यंत्रच न्यायालयात आणलं नसेल तर जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम 65-ब चं प्रमाणपत्र अनिवार्य. कोणी देत नसेल तर न्यायालयाकडून मागवा. कॅमेऱ्यातलं घड्याळ आणि एक कागद, एवढ्यावर आमदारकी डोलत होती.

खुनाच्या खटल्यात त्याच कागदाची किंमत किती, ते मुंबईच्या प्रकरणात दिसलं. जानेवारी 2014 मध्ये लोकमान्य टिळक टर्मिनसवर उतरलेल्या 23 वर्षांच्या संगणक अभियंता मुलीचा खून झाला. स्थानकाच्या सीसीटीव्हीत ती एका माणसाबरोबर जाताना दिसते, असं सरकार पक्षाचं म्हणणं. 2015 मध्ये फाशी, 2018 मध्ये उच्च न्यायालयाकडून कायम, आणि 28 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाकडून निर्दोष सुटका. चित्रफितीला 65-ब चं प्रमाणपत्रच जोडलेलं नव्हतं, त्यामुळे ती पुरावा म्हणून धरताच येईना. बाकीच्या पुराव्यातही भोकं होती, पण अकरा वर्षांनी खटला जिथे अडखळला ती जागा मला विसरता येत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, कलम 63 खाली, आता प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, दुसरा तज्ज्ञाने भरायचा, आणि हॅश व्हॅल्यूसाठी छापील जागाच ठेवली आहे.

वर्ध्याला या बाबतीत मान खाली घालायचं कारण नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी लैंगिक अत्याचाराच्या वैद्यकीय तपासण्या किती निकृष्ट होतात याचा अहवाल लिहिला. त्यावर 2010 मध्ये डॉ. रंजना पारधी यांनी नागपूर खंडपीठात जनहित याचिका केली. तपासणीचे नवे फॉर्म त्या धक्क्यातून आले. नमुना कोणता घ्यायचा, कशात ठेवायचा हे डॉक्टरसमोर छापील आलं, हे माझ्यासारखीला मोठंच. पण याच जिल्ह्यात आर्वीला जानेवारी 2022 मध्ये एका रुग्णालयाच्या आवारातल्या गोबरगॅसच्या टाकीतून 11 कवट्या आणि 54 हाडं निघाली. अर्भकांची हाडं कागदासारखी पातळ. त्यांतून डीएनए काढायचं काम मी कोणाच्याही वाट्याला येऊ नये म्हणेन. मी तेव्हा निवृत्त होते. सुटले, असं वाटलं, खोटं कशाला सांगू.

अलीकडे पोलिसांच्या एका प्रशिक्षणाला मला बोलावलं होतं. समोर नव्याने भरती झालेली चाळीसेक मुलंमुली. मी पेट्रोलचा डबा आणि रक्ताचं पाकीट दोन्ही टेबलावर ठेवून समजावलं. मागच्या रांगेतली एक मुलगी उठली.

“मॅडम, अन् एकाच कपड्यावर दोन्ही असन तर?”

नोकरीभर हा प्रश्न मला कोणत्याही वरिष्ठ अधिकाऱ्याने विचारला नव्हता. मी सांगितलं, हवाबंद डबा, भोवती बर्फ, त्याच दिवशी रवाना, आणि पत्राच्या वरच ठळक अक्षरात लिहायचं की यावर दोन्ही आहे, म्हणजे आम्ही आधी वाफ घेऊ आणि लगेच डाग कापू.

तिने लिहून घेतलं. मग विचारलं, “अन् बर्फ कुठून आणाचा जी?”