वर्दी धुण्यापूर्वी

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली येते आणि तिच्या तळाशी आजोबांची वर्दी निघते. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या फौजी घरांत हे अनेकदा घडतं. मग प्रेमापोटीच ती धुवायला जाते, पितळी बटणं घासली जातात, भोकं रफू होतात आणि सगळं काचेच्या चौकटीत बसतं. जुन्या वस्त्रांच्या जतनाचं काम करणारी म्हणून माझं म्हणणं आहे की हा क्रम चुकीचा आहे. वर्दी हा दस्तऐवज आहे. आधी तो वाचावा, मग स्वच्छतेचा विचार करावा.

वाचायचं काय? बाहीवर आज तीन फिती, म्हणजे हवलदार. पण त्यांच्या आसपास सुईची जुनी छिद्रं आणि न विटलेल्या कापडाचा वेगळा आकार दिसला, तर तिथे आधी दुसरं काही शिवलेलं होतं; कदाचित नाईकच्या दोन फिती. बटणांवर आणि बिल्ल्यांवर ब्रिटिश मुकुट असेल तर ती घडण 1950 पूर्वीची. प्रजासत्ताक झाल्यावर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. छातीवर लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल अशी फीत उरली असेल, तर ती ‘इटली स्टार’ या पदकाची. ज्या घरात ‘आजोबा लढाईवर होते’ एवढंच ठाऊक असतं, त्या घराला ही बोटभर फीत थेट इटलीच्या आघाडीपर्यंत नेते. मराठा पलटणीच्या यशवंत घाडगे यांना 1944 मधल्या आणि नामदेव जाधव यांना 1945 मधल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो याच आघाडीवर. अस्तरावर शाईने लिहिलेला नंबर असेल, तर तो एका धुण्यात पुसला जाऊ शकतो.

यावर कुणी म्हणेल, वर्दी मळकी ठेवणं हा अनादर आहे, शिवाय कसर लागेल. कसरीची भीती खरी आहे. घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर ती आधी येते. म्हणून वर्दी तशीच ठेवा असं मी म्हणत नाही. आतून-बाहेरून फोटो घ्यावेत, कापडावर बारीक जाळी धरून मऊ ब्रशने धूळ काढावी, धुतलेल्या मांजरपाटात सैल गुंडाळून कोरड्या जागी ठेवावी. लोकरी कोट घरी भिजवू नये. बटणांना पॉलिश लावू नये. त्याने मुलामा जातो आणि पांढरी पूड धाग्यात अडकते. डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नयेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वर्दी फसवू शकते. बटणं बदलतात, कोट दुसऱ्याचा असू शकतो, फीत चुकीच्या जागी लागलेली असू शकते. म्हणूनच वर्दीवरची प्रत्येक खूण डिस्चार्ज बुकाशी आणि पेन्शनच्या कागदांशी ताडून पाहावी. पण कागदात नसलेलंही वर्दीत असतं. कोपरावर घरच्या दोऱ्याने लावलेलं ठिगळ पलटणीतलं नसावं. निवृत्तीनंतर तोच कोट थंडीत शेतावर वापरला गेला असेल आणि घरातल्या कुणा बाईने तो टिकवला असेल. डिस्चार्ज बुकात तिची नोंद नसते. नीटनेटकेपणासाठी ते ठिगळ उसवणं मला सर्वांत मोठं नुकसान वाटतं. घरातल्या वयस्कर आत्यांना, काकूंना आधी ते ठिगळ दाखवावं. तो टाका कुणाच्या हातचा, हे बहुधा त्यांनाच सांगता येईल, आणि त्यांचं उत्तर त्याच दिवशी तारखेसह लिहून त्या फोटोंसोबत ठेवावं.