उणे पाण्याकाठी

पेपरातल्या धरणसाठ्याच्या तक्त्यात उन्हाळ्यात उजनीपुढे उणे टक्के छापून येतात. धरण रिकामं होणं समजू शकतं, पण शून्याच्याही खाली? ११७ टीएमसीच्या धरणात ६३ टीएमसी मृतसाठा. त्याला हात लागला की हिशेब वजात जातो. सोलापूरकर तो आकडा धास्तीने वाचतात. आम्ही पुणेकर मात्र त्याच पाण्याकाठी, भिगवणजवळ कुंभारगावला, फेब्रुवारीत रोहित पक्षी बघायला गेलो.

पाणी ओसरतं, गाळ उघडा पडतो, म्हणून तर ते येतात. नावाड्याने इंजिन बंद केलं आणि होडी बांबूने रेटत नेली. समोरचा पक्षी जागच्या जागी पाय तुडवत होता आणि मान वाकवून चोच उलटी पाण्यात फिरवत होता. इतका देखणा जीव दिवसभर चिखल गाळत बसतो!

सासूबाईंना पक्ष्यांत रस नव्हता. त्या मालवणच्या. गोड्या पाण्यातल्या माशाला मासा म्हणायला त्यांची जीभ रेटत नाही. दुपारी घरगुती जेवणात चिलापी आली. मूळची आफ्रिकेतली, इथे भिगवणच्या बाजारात ढिगाने विकली जाणारी. आडवे चिरे दिलेली, मसाल्यात लाललाल तळलेली, सोबत बाजरीची भाकरी आणि झणझणीत रस्सा. सासूबाईंनी आधी वास घेतला. मग नखाएवढा तुकडा. काटे बेताचे निघाले तशा त्या जरा निवळल्या. तेवढ्यात ह्यांनी खोडी काढलीच : "आई, मुळा-मुठेचं पाणी भीमेतून इथंच येतं हं, पुण्याचं सांडपाणी घेऊन." घास थांबला. ताटाकडे, मग ह्यांच्याकडे बघत त्या म्हणाल्या, "म्हंजे आपलांच!" आणि दुसरा तुकडा मागितला. हात धुताना निकाल दिला : "मासो बरो आसा. मसालोच पुढे पुढे करता." सोलकढी नाही, याचा उल्लेख संध्याकाळपर्यंत चारदा झाला. माझं मत विचाराल तर सुरमईपेक्षा मला ही चिलापी आवडली, पण हे घरी बोलायची सोय नाही.

पलीकडे पळसदेव. तिथलं जुनं पळसनाथाचं देऊळ धरण झाल्यापासून पाण्यात आहे. पाणी फारच उतरलं की मोकळं होतं, आणि मग तिथेही आमच्यासारख्यांच्या गाड्या लागतात. एकाचा दुष्काळ, दुसऱ्याची सहल. आम्ही गेलो तेव्हा देऊळ पाण्यातच होतं, आणि मुलं त्यावरून हिरमुसली. त्यांना काय सांगायचं!

जाणार असाल तर उन्हं चढायच्या आत होडीत बसा. आणि नावाड्याला "अजून जवळ घ्या" म्हणू नका. उडालेला थवा फोटोत छान येतो, पण त्यांचं खाणं मोडतं.