तळघरातील यंत्र

धर्मगुरूच्या वाट्याला येणारे निर्णय नेहमी मोठेच असतात असे नाही. सेमिनरीत आम्हांला नीतिशास्त्र शिकविले, धर्मकायदा शिकविला, मरणोन्मुख माणसाच्या उशाशी कसे बसावे हेही शिकविले. परंतु चर्चच्या तळघरात पडलेले एक झिजलेले खेळाचे यंत्र अखंड विकावे की सोडवून त्याचे सुटे भाग द्यावेत, ह्याचे उत्तर कोणत्याच पाठ्यपुस्तकात नव्हते. हा प्रश्न २०१८ सालच्या उन्हाळ्यात आमच्यापुढे आला आणि त्याने आमच्या दोन-तीन रात्रींची झोप घेतली, हे सांगावयास आता संकोच वाटत नाही.

त्या वेळी आम्ही अमेरिकेत, इलिनॉय राज्यात, शिकागोपासून तासाभराच्या अंतरावरील एका लहान धर्मग्रामात सेवेस होतो. तिकडे धर्मगुरूंची चणचण असल्यामुळे आपल्याकडील कित्येक धर्मगुरू काही वर्षांसाठी जातात, हे वाचकांना ठाऊक आहेच. रविवारची मिस्सा आटोपली की लोक चर्चखालच्या तळघरात कॉफीसाठी उतरत. आपल्याकडे सभागृहात हाउजी रंगते, तसा तेथे बिंगो रंगे. ह्याच तळघराच्या कोपऱ्यात, घडीच्या टेबलांच्या आड, ते यंत्र उभे होते. गॉटलिब कंपनीचे, १९७६ सालचे, ‘रॉयल फ्लश’ नावाचे पिनबॉल.

आमच्या वसईकर वाचकांपैकी अनेकांनी पिनबॉल पाहिले नसेल, म्हणून थोडे सांगतो. चार पायांवरची लांबट पेटी, वर काच, आत किंचित उतरते रंगीत लाकडी मैदान. स्प्रिंगचा दांडा ओढून सोडला की पोलादी गोळा वर जातो आणि अडथळ्यांवर आपटत खाली घरंगळतो. खालच्या टोकाला दोन लहान हात असतात, त्यांना फ्लिपर म्हणतात. बाजूची बटणे दाबून त्या हातांनी गोळा पुन्हा वर फेकायचा. खेळ एवढाच. आमच्या यंत्राच्या मैदानावर पत्त्यांतील राजा, राणी, गुलाम ओळीने उभे होते. गोळा लागला की ते खाली बसत. पत्त्यांचे यंत्र चर्चच्या तळघरात कसे, असा प्रश्न पडला तर तो आम्हांलाही पडला होता.

पिनबॉलला जुगार मानण्याची अमेरिकेत जुनी रीत होती. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया ह्यांनी १९४२ साली बंदी घातली आणि जप्त केलेली यंत्रे घणाने फोडली. ती बंदी उठावयास १९७६ साल उजाडले. रॉजर शार्प नावाच्या तरुणाने नगरपालिकेच्या समितीसमोर यंत्र खेळून दाखविले. गोळा कोणत्या वाटेने जाईल हे आधी सांगितले आणि तसा तो घालविला. हा नशिबाचा खेळ नव्हे, हाताचा आहे, हे त्यावरून समितीला पटले म्हणतात. गंमत अशी, की ज्या शिकागोच्या परिसरात गॉटलिब, बॅली, विल्यम्स ह्या कंपन्या जगासाठी ही यंत्रे घडवीत होत्या, त्या शिकागो शहरातही कित्येक वर्षे ती खेळण्यास मनाई होती.

आमचे यंत्र धर्मग्रामात आले ते एका वृद्ध गृहस्थांमुळे. ते पोलिश वंशाचे, निवृत्त वीजतंत्री. त्यांनी ते जुने म्हणून विकत घेऊन युवकांसाठी तळघरात ठेवले आणि तीसेक वर्षे जागते ठेवले. पेटीत पडणारी नाणी गरिबांच्या मदतनिधीत जात. आम्ही तेथे गेलो त्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी मैदान उचलून आम्हांला खालचा पसारा दाखविला. संगणकाचा त्यात मागमूस नाही! कापडी वेष्टनाच्या तारा, तांब्याच्या गुंडाळ्या, रिले, आणि गुण मोजण्यासाठी आकडे लिहिलेली चाके. एक छोटी मोटर फिरते आणि तिच्या फिरण्यावर सगळ्यांची पाळी ठरते. पेटी फार हलविली तर खेळ थांबावा म्हणून कड्यात एक लोलक लोंबता ठेवलेला. लहानपणी आम्ही विहिरीवरचा रहाट पाहिला आहे. दाते, गाडगी, कण्हणारा आस. ते यंत्र पाहताना आम्हांला घरची आठवण झाली, हे त्यांना सांगितले तर ते हसले.

पुढे त्यांची स्मृती क्षीण होऊ लागली आणि मुलांनी त्यांना वृद्धाश्रमात ठेवले. त्यानंतर तिसऱ्या खेळाडूच्या गुणांचे एक चाक सातावर अडू लागले. रहाटाच्या आसाला वडील तेल घालीत, हे आम्हांला आठवत होते. आम्ही शिवणयंत्राच्या तेलाचे चार थेंब चाकात सोडले. आठवडाभर ते सुरेख फिरले आणि आम्हांला आपल्या कर्तबगारीचा अभिमान वाटला.

२०१८ साली शेजारचे धर्मग्राम आमच्याशी एकत्र करण्याचे ठरले. त्यांचे सामान आमच्या तळघरात यावयाचे होते, तेव्हा जागा रिकामी करणे प्राप्त होते. यंत्राची अवस्था तर बिकट. गोळा नेहमी आपटे तेथे मैदानाचा रंग उडून लाकूड दिसू लागले होते, रबर दगडासारखे झाले होते, आणि उभ्या पेटीवरच्या काचेमागील चित्राला ओल लागून राणीचा अर्धा चेहरा गळून पडला होता.

दोन गिऱ्हाइके आली. पहिल्याने सहाशे डॉलर देऊ केले. यंत्र फोडणार नाही असा शब्दही दिला. मात्र आतील सर्व यंत्रणा काढून टाकून, वरच्या काचेखाली दिवे लावून, तो आपल्या दिवाणखान्यात त्याचे टेबल करणार होता. दुसरा दुरुस्ती करणारा कारागीर. त्याच्याकडे ‘रॉयल फ्लश’ जातीचीच दोन यंत्रे होती. एकाची चाके पुराच्या पाण्यात गेलेली, दुसऱ्याची मोटर जळालेली. तो साडेतीनशे डॉलर देणार होता आणि आमचे यंत्र पार सोडविणार होता. म्हणजे एक जण देह राखून आतडी टाकणार, दुसरा आतडी नेऊन देह टाकणार! समितीतील बहुतेकांचा कल सहाशे डॉलरकडे होता, आणि खरे सांगावयाचे तर आमचाही. पैशांपेक्षा आम्हांला त्या अखंड पेटीचा मोह होता. आपल्या हातून काही मोडले असे कोणी म्हणू नये, ही धर्मगुरूंची जुनी खोड आहे.

त्या रात्री आम्हांला आमचे वसईचे घर आठवले. भावांनी ते उतरविले तेव्हा आम्ही सेमिनरीत होतो. सुट्टीत आलो तो घराच्या जागी मोकळे अंगण. आम्ही रुसून बसलो. मग वडिलांनी आम्हांला गावातून फिरविले. आमच्या ओटीचा सागवानी खांब काकांच्या घरात उभा होता, दाराची चौकट आत्याकडे, कौले गोठ्यावर. आत्याच्या घरी त्या चौकटीतून आत जाताना आमचे डोके सवयीने खाली वाकले.

मन एका बाजूला झुकले, तरी सल राहिला. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी २००० साली अवयवदानाविषयी बोलताना त्याला प्रेमाचे कृत्य मानले, परंतु दात्याच्या जाणत्या संमतीवाचून ते दान होत नाही, ह्यावरही भर दिला. यंत्राला कसली संमती? पण ज्याने ते तीस वर्षे जगविले त्याला कोणी विचारले होते? समितीच्या एकाही बैठकीत त्यांचे नाव निघाले नव्हते. आम्हीही काढले नव्हते.

दुसऱ्या दिवशी वृद्धाश्रमात गेलो. ते खिडकीपाशी बसले होते. आमचे नाव त्यांना आठवले नाही, गळ्यातील पट्टी पाहून “या फादर” म्हणाले. यंत्राचे नाव काढताच मात्र त्यांनी विचारले, “मोटर फिरते का?”

“फिरते.”

“मग टेबल कशाला करता? मी दोन मशिनी मोडून हे चालवलं. एकीच्या गुंडाळ्या, एकीची घंटा. आता ह्याची पाळी.” आणि ते पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले.

हे आम्हांला ठाऊक नव्हते. जे अखंड म्हणून आम्ही जपू पाहत होतो, ते मुळात तिघांचे मिळून एक होते.

समितीत अडीचशे डॉलरच्या तुटीवरून थोडी कुरबूर झाली, ती होणारच. शनिवारी कारागीर आला. प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधून त्याने एकेक भाग काढला. राजा, राणी, गुलामांची ओळ निघाली, घंटा निघाली, मोटर निघाली, चाके निघाली. पेटीच्या तळाशी नाण्यांबरोबर जपमाळेचा एक तुटका तुकडा मिळाला. दाराच्या आतील बाजूस पेन्सिलीने तारखा लिहिलेल्या होत्या, प्रत्येक दुरुस्तीची एक. पहिली १९८६ सालची. ते दार आम्ही मागून घेतले. सायंकाळी रिकामी पेटी आणि झिजलेले मैदान कचऱ्याच्या गाडीसाठी बाहेर ठेवले तेव्हा पाऊस लागला होता. आम्ही जाऊन त्यांवर ताडपत्री घातली, काही कारण नसताना.

तीन आठवड्यांनी कारागिराचा निरोप आला. एक यंत्र छान चालू झाले होते, फक्त तिसऱ्या खेळाडूचे चाक सातावर अडत होते. दार घेऊन आम्ही वृद्धाश्रमात निघालोच होतो, तेव्हा हेही सांगितले. त्यांनी तारखांवरून बोट फिरविले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“तेल घातलंय कोणी तरी. ह्या चाकांना तेल घालायचं नसतं, धूळ धरून चिकट होतात. स्पिरिटने पुसायची आणि कोरडी ठेवायची. कोणी घातलं?”

आजवर हजारो कबुल्या ऐकल्या, ही द्यावी लागली. ते बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिले.

“मग त्याला फोन करा,” ते म्हणाले. आम्ही बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन फोन लावला.