दामदुप्पट आणि चौपट

बँकेत पैसे दुप्पट व्हायला किती वर्षं लागतात, हे मला जो तो विचारतो. जणू काही मीच ते अडवून धरलेत! अशा घाईच्या मंडळींनी खेळण्यातली मोटार पाहावी. ३ व्होल्टच्या जागी ६ व्होल्ट लावा. बिनओझ्याचा वेग दुप्पट. टॉर्क, म्हणजे अडलेला आस फिरवण्याचा जोर, तोही दुप्पट. आणि दोन्हींच्या गुणाकारामुळे जास्तीत जास्त शक्ती थेट चौपट! जुन्या दामदुपटीच्या नियमानं सावकारालासुद्धा एका वेळी मुद्दलाहून जास्त व्याज घेता येत नसे.

हे ज्ञान मला बी.कॉम.ला मिळालं नाही. चिरंजीवांच्या प्लॅस्टिकच्या बोटीनं दिलं. मात्र बारीक अक्षरातल्या अटी इथंही आहेत.

पहिली अट बॅटरीची. ती चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी आकड्यानं भारदस्त, पण तिचा आतला रोध मोठा. मोटारीनं प्रवाह मागितला, की व्होल्टेज बसलंच. चेकवर रक्कम मोठी आणि खात्यात खडखडाट, असे खातेदार मी वीस वर्षं पाहतोय.

दुसरी अट उष्णतेची. फिरणारी मोटार स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करून बॅटरीच्या प्रवाहाला आवर घालते. ती अडकली, की तो आवर संपला. १ ओहम रोधाची मोटार ३ व्होल्टवर अडकली तर ९ वॉट आणि ६ व्होल्टवर ३६ वॉट. आणि त्या सगळ्याची नुसती उष्णता! थोडक्यात, सर्वांत जास्त ओढतो आणि सर्वांत जास्त तापतो, तो काम न करणारा. आमच्या शाखेत या नियमाला अपवाद नाही.

चिरंजीव यंदा दहावीला. सकाळी एक क्लास, संध्याकाळी दुसरा. परवा सौ. म्हणाली, "अहो, गणितात अडलाय तो. तिसरा क्लास लावू या का?"

"अगं, अडलेल्या मोटारीचं व्होल्टेज वाढवलं तर ती जळते. तिला गिअर लावतात. वेग कमी होतो, जोर वाढतो."

"म्हणजे करायचं काय?"

"संध्याकाळचा क्लास बंद. रोज दोनच गणितं, सावकाश. मी बसतो त्याच्याजवळ."

"तुम्हाला येतात दहावीची गणितं?"

"चक्रवाढ व्याज तर येतं!"

"बाबा, ते आठवीतच संपलं," दाराआडून आवाज आला. पण पाठोपाठ वही घेऊन स्वारीही आली.