गृहशास्त्र मुलग्यांनाही हवे

शाळेतले गृहशास्त्र म्हणजे मुलींचे शिवणटिपण, असे आपण धरून चालतो. एवढी वर्षे गावोगाव फिरून मला ते पटेनासे झाले आहे.

पुणे जिल्ह्यातील पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. तिथल्या शालेय अभ्यासक्रमात मुले-मुली दोघेही शेती, वर्कशॉप यांच्या जोडीने गृह व आरोग्य हा भागही हाताने करून शिकतात. मला ते योग्य वाटते.

तुम्ही दोघे शेतावर असता. धाकट्याला जुलाब लागले, तर जवळ असतो तो नववीतला थोरलाच. उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात चहाचे सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजावे, हे त्याला यायला हवे. मीठ जास्त पडले तर अपायच. मूल मलूल झाले, की वेळ न दवडता दवाखाना गाठायचा.

मापाची हीच सवय उद्या फवारणीचे औषध मोजताना कामी येते. तेव्हा पुढच्या पालकसभेत गुरुजींना एवढे विचाराच: आमच्या मुलग्यांना हे कधी शिकवणार?