गोदाकाठचा पोहणारा आणि मांद्र्याची लाट

गेवराईच्या माणसाला पाणी ठाऊक नाही, असे कोणी म्हणू नये. बीड जिल्हा दुष्काळी खरा, पण आमच्या तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी आहे. राक्षसभुवन, पांचाळेश्वर ही तिच्या काठची गावे. आम्ही त्याच काठावर वाढलो. पाठीला वाळलेला भोपळा बांधून वडिलांनी डोहात ढकलून दिले की आठ-पंधरा दिवसांत पोरगे आपोआप पोहू लागे. पुढे १९७६ मध्ये पैठणला जायकवाडीचे धरण झाले आणि नदीचे पाणी दरवाजांच्या हिशेबाने येऊ लागले. तरी माझे पोहणे काही सुटले नाही. साठी ओलांडली, पण अजून एका दमात पलीकडे जातो. गावात त्याचे कौतुक आहे, आणि खरे सांगायचे तर मलाही त्याचा थोडा ताठा होता.

तो ताठा गेल्या पौषात गोव्याच्या समुद्राने उतरवला. त्याचीच ही हकिगत.

माझा भाचा गोव्यात पेडणे तालुक्यात मांद्र्याला एका लॉजिंगमध्ये वायरमन आहे. चार वर्षे बोलावत होता. यंदा कापसाची वेचणी उरकली, शाळू निसवायला लागला, पाखरांच्या राखणीला अजून अवकाश होता. म्हटले, आता जाऊन यावे. गेवराईहून बीड, सोलापूर, कोल्हापूर आणि मग आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी. दीड दिवस एस.टी.त अंग आंबून गेले. पण घाट उतरताना हवा बदलते ती अनुभवण्यासारखी आहे. आपल्याकडची कोरडी थंडी मागे राहते आणि अंगाला ओलसर, खारट हवा लागते.

दुपारी पोहोचलो, जेवलो, झोपलो. साडेपाचला एकटाच किनाऱ्यावर गेलो. भाच्याने बजावले होते, "मामा, मी येईपर्यंत पाण्यात उतरू नका." मी मनात म्हटले, हा कालचा पोरगा मला पाणी शिकवतो!

समोर समुद्र. आयुष्यात दुसऱ्यांदा पाहत होतो. एका रेषेत लाटा फुटत होत्या, पांढरा फेस वाळूवर येत होता. मध्येच एका ठिकाणी वीस-पंचवीस हातांची जागा अगदी शांत होती. तिथे लाट फुटत नव्हती, फेस नव्हता, पाणी जरासे गढूळ दिसत होते एवढेच. नदीवाल्याची अक्कल मला म्हणाली, खळाळ आहे तिथे धोका, संथ आहे तिथे उतार. मी त्या संथ जागेतून उतरलो.

कमरेइतक्या पाण्यात गेलो आणि पायाखालची वाळू सरकली. चार हात मारून मागे वळून पाहतो तो किनारा लांब गेलेला! मी किनाऱ्याकडे तोंड करून जोराने हात मारू लागलो. नदीत ओढीला आडवे कापायचे असते हे मला लहानपणापासून माहीत, पण इथे ओढ कोणत्या दिशेची तेच ध्यानात आले नाही. जितके हात मारावे तितका दम जाई आणि किनारा तिथल्या तिथेच. पाचेक मिनिटांत छाती भरून आली. मनात काय काय येऊन गेले ते लिहीत नाही.

तेवढ्यात फळीवर पालथा पडून, दोन्ही हातांनी पाणी मारत एक पोरगा माझ्याजवळ आला. "काका, फळी धरा. हात मारू नका," एवढेच म्हणाला. मला सरळ किनाऱ्याकडे न नेता त्याने आधी बाजूला, किनाऱ्याला समांतर नेले आणि लाटा फुटत होत्या तिथून आत वळवले. ज्या लाटांना मी भ्यालो होतो त्यांनीच आम्हां दोघांना ढकलत वाळूवर आणून सोडले.

भाच्याला सांगितले तेव्हा तो रागावला नाही, नुसता गप्प बसला. ते अधिक लागले. सूनबाईने चहा दिला आणि म्हणाली, "मामा, हे आत्याबाईंना फोनवर सांगू नका बरं." मी कशाला सांगतो!

दुसऱ्या दिवशी पहाटेच उठून त्या पोराचे आभार मानायला गेलो. तो रोज उजाडताना पाण्यात असतो, असे कळले होते. किनारा पश्चिमेचा, त्यामुळे सूर्य आपल्या पाठीमागून, माडांच्या आडून उगवतो. वाळूवर अंधूक उजेड, समुद्र शिशासारखा, आणि जमिनीकडून गार वारा पाठीला लागत होता. पाच-सहा जण लांबट फळ्या घेऊन नुसते उभे होते. कोणी बोलत नव्हते, सगळ्यांच्या नजरा पाण्यावर. पेरणीच्या आधी आपण बांधावर उभे राहून आभाळाकडे बघतो ना, अगदी तसे.

याला सर्फिंग म्हणतात. फळीवर उभे राहून लाटेच्या उतारावरून घसरत यायचे, असा हा खेळ. मूळ तो प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांचा. तिथे राजेही खेळत आणि सामान्य रयतही. ड्यूक काहानामोकू नावाच्या तिथल्या जलतरणपटूने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले आणि पुढे देशोदेशी फिरून हा खेळ दाखवला. टोकियोचे ऑलिंपिक २०२१ मध्ये झाले, त्यात तो प्रथमच घेतला गेला. आपल्याकडे मंगळूरजवळच्या मुल्की गावात आणि चेन्नईकडच्या किनाऱ्यावर तो रुजला, आणि तिथे कोळ्यांची पोरे त्यात पुढे आली. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमला आशियाई स्पर्धा झाल्या, तेव्हा कर्नाटकाच्या रमेश बुदिहाळने कांस्यपदक मिळवले. मला वाटले होते, हा श्रीमंतांचा चाळा असेल. काही अंशी आहेही. पण मला बाहेर काढणारा पोरगा मासेमाऱ्याच्या घरचा होता. सकाळी फळी, दुपारी बापाबरोबर जाळ्याची कामे.

त्याचे वडील तिथेच वाळूवर जाळे सोडवत बसले होते. ते कोकणीत बोलत, अडले तिथे पोरगा मराठीत सांगे. मी कालची हकिगत सांगितली. त्यांनी विचारले, "काल तिथी कोणती?" म्हटले, शुद्ध द्वितीया. त्यांनी बोटांवर मोजले आणि मान हलवली.

मग त्यांनी जो हिशेब सांगितला तो मला फार आवडला. तिथीची पाऊणपट करा, येईल तो आकडा म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ. द्वितीयेची पाऊणपट दीड. म्हणजे काल दुपारी दीडला समुद्र पूर्ण भरला होता आणि त्यानंतर सहा तास तो ओसरत होता. आज तृतीया, पाऊणपट सव्वादोन, म्हणून रात्री सव्वादोनला भरती झाली आणि सकाळी साडेआठच्या सुमारास ओहोटी तळाला लागेल. अष्टमीला सहा वाजता भरती. शुद्ध असो की वद्य, हिशेब एकच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप चढते आणि खूप उतरते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी, त्याला भांग म्हणतात. मी अमावास्येनंतर दुसऱ्याच दिवशी, उधाणाच्या ओहोटीत, पाणी बाहेर चालले असताना उतरलो होतो. पंचांग आपल्या घरीही खुंटीला असते, पण त्यात समुद्र लिहिलेला आहे हे मला साठीनंतर कळले.

आणि ती संथ जागा? पोराने वाळूवर बोटाने रेघा ओढून दाखवले. लाटा एकामागून एक पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात. ते सगळे परत कुठून तरी गेले पाहिजे. वाळूच्या दांड्यात जिथे खोलगट घळ असते तिथून ते गोळा होऊन जोराने आत जाते. पावसात वावरात पाणी साचले की बांधाच्या खचलेल्या जागेतूनच सगळे फुटते, तसेच. तिथे खोली जास्त असल्याने लाट फुटत नाही, म्हणून जागा शांत दिसते. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. ही ओढ माणसाला खाली बुडवत नाही, आत नेते. माणूस बुडतो तो तिच्याशी झुंजून थकल्यामुळे. सापडलात तर उताणे पडून तरंगा, हात वर करून हाक मारा आणि दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून ओढीच्या बाहेर पडा, मग लाटांबरोबर आत या.

हे एवढे विस्ताराने लिहितो याला कारण आहे. आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांच्या सहली कोकणात आणि गोव्यात जातात. आपली पोरे विहिरीत मुटका मारणारी, भीड नसलेली. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून आलेल्या सहलीतली दहाहून अधिक मुले-मुली बुडाली. गोव्याच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात. लाल-पिवळी निशाणे रोवलेली असतील त्यांच्या मधल्याच पाण्यात उतरावे, नुसते लाल निशाण असेल तिथे पाऊल टाकू नये. मी उतरलो तिथे निशाण होते की नाही, हेसुद्धा मी पाहिले नव्हते.

पुढचे पाच दिवस मी रोज पहाटे तिथे होतो. रोजचा समुद्र वेगळा. चतुर्थीला जवळजवळ काहीच लाट नव्हती, सगळे जण तासभर फळ्यांवर बसून परत गेले. कोणी कुरकुर केली नाही. षष्ठीला रात्रीपासूनचा वारा उलटा, पाणी खवळलेले, कोणी उतरलेच नाही. पण पंचमीची सकाळ मी विसरणार नाही.

त्या दिवशी लाट मांडीइतकी होती. हिवाळ्यात गोव्याला एवढीच असते, शिकणाऱ्याला ती बरी. पोराने मोबाईलवर हैदराबादच्या महासागर माहिती केंद्राचा अंदाज दाखवला. लाटेची उंची आणि दोन लाटांमधले सेकंद, दोन्ही त्यात असतात. सेकंद जास्त म्हणजे लाट लांबून आलेली आणि अंगात जोर असलेली. काही लाटा दक्षिणेकडच्या महासागरातल्या वादळांतून हजारो मैल चालत येतात. हिवाळ्यात ओमान-इराणकडच्या वाऱ्यांनी उठवलेल्याही येतात. मी विचारले, एवढे पाणी तिकडून इकडे येते? तो हसला. पाणी येत नाही, नुसती लाट येते. आणि मला एकदम आमचा शाळू आठवला. निसवलेल्या ज्वारीवरून वारा गेला की या बांधापासून त्या बांधापर्यंत लाट धावते, पण ताट आपल्या जागीच असते. समुद्राचेही तसेच. पाणी जागच्या जागी गोल फिरते आणि लाट पुढे जाते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीवर आली की तळाशी अडखळून तिचा माथा पुढे कोसळतो. त्या कोसळण्याच्या ऐन आधीचा उतार फळीवाल्याला हवा असतो.

पहाटच का, तेही तेव्हा समजले. शाळेत आपण मतलई वारे आणि खारे वारे शिकलो. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो येणाऱ्या लाटेच्या तोंडावर लागतो आणि तिला क्षणभर उभी धरतो. लाट काचेसारखी नितळ, सरळ उठते. दहा-अकरानंतर समुद्राकडून खारा वारा सुटला की तो मागून ढकलतो आणि लाट वेडीवाकडी होऊन फुटते. मळणीयंत्रे येण्याआधी आपणही उफणणीसाठी वाऱ्याची अशीच वाट पाहत होतो. तिवढ्यावर पाटी घेऊन उभे राहायचे आणि वारा पडला की बसायचे.

पोराने आग्रह केला. आधी वाळूवर फळी ठेवून पालथे पडणे, उठणे शिकवले. मग छातीइतक्या पाण्यात नेऊन लाटेच्या पुढे फळी सोडली. पहिल्या दोन वेळा नाकातोंडात पाणी. तिसऱ्या वेळी फळीखाली काहीतरी जिवंत उचलल्यासारखे झाले आणि ती आपोआप सुटली. मी गुडघ्यांवर उठलो. लहानपणी वडील कुळव हाकताना वजनाला मला वर बसवत आणि ढेकळांवरून तो हिंदकळे तसा पोटात गोळा आला. पुरता उभा काही राहू शकलो नाही. गुडघ्यांवरच वाळूपर्यंत आलो. काठावर भाचा उभा होता, टाळ्या वाजवत होता. माडांच्या वरून ऊन नुकतेच पाण्यावर उतरले होते.

निघताना त्या वडिलांना मी आमच्या गोदेची एक गोष्ट सांगितली. १० ऑगस्ट १७६३ ला राक्षसभुवनाला निजामाची अर्धी फौज नदी उतरून पलीकडे गेली होती, अर्धी अलीकडे अडकली, नदी भरून वाहत होती, आणि थोरल्या माधवरावांनी अलीकडच्या फौजेवर घाला घालून लढाई जिंकली. ते म्हणाले, "भरतीची वेळ विचारायला हवी होती." नदीला भरती नसते हे मी त्यांना सांगितले नाही.

गावी आल्यावर शाळेच्या मुख्याध्यापकांकडे गेलो आणि वाळूवर काढलेल्या त्या रेघा फळ्यावर काढून दिल्या. फेब्रुवारीत त्यांची सहल गणपतीपुळ्याला जायची आहे. बायकोला मात्र अजून सगळे सांगितलेले नाही. हा अंक घरी आला की कळेलच.

हल्ली भाच्याचा सकाळी सातला फोन येतो. "मामा, आज गुडघाभर, वारा जमिनीचा," एवढेच सांगतो. मी त्याला शाळूवरचा वारा कसा आहे ते सांगतो आणि पाखरे हाकायला उठतो.